डेडस्टॉकमधला जीव

मराठवाड्यात यंत्राला सहजासहजी मरू देत नाहीत. विहिरीवरची मोटार जळाली म्हणून ती फेकून दिली आणि नवी आणली, असा शेतकरी माझ्या पाहण्यात नाही. तो मोटार काढतो, फटफटीवर मागे बांधतो, तालुक्याला नेऊन भरून आणतो आणि तिसऱ्या दिवशी पाटाला पुन्हा पाणी वाहू लागते. वर्ष-दोन वर्षांनी ती पुन्हा जळते, पुन्हा भरली जाते. यात काटकसर आहे, नाइलाजही आहे. पण खरे कारण वेगळे आहे. मोटार आतून कशी असते हे भरणाऱ्याला ठाऊक असते, तांब्याची तार बाजारात मिळते आणि 'ही मोटार आता जुनी झाली, हिला हात लावू नका' असे बजावण्याचा हक्क ती बनवणाऱ्या कंपनीला नसतो. मोटार कधी मेली हे मोटारीचा धनी ठरवतो.

संगणकाच्या बाबतीत हा हक्क आपण केव्हाच सोडून दिला आहे आणि सोडल्याचे फारसे कुणाला जाणवलेलेही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० या प्रणालीचा नेहमीचा सांभाळ थांबवला. यंत्रे त्या दिवशी बंद पडली नाहीत. पण यापुढे त्या प्रणालीत नवे छिद्र सापडले तर ते बुजवायला कुणी येणार नाही, असा त्याचा अर्थ. (अटी मान्य करून किंवा पैसे मोजून आणखी एका वर्षाची सवलत ठेवली होती, ती गोष्ट वेगळी.) पुढची विंडोज-११ घ्यावी, तर ती साधारण २०१७-१८ च्या अलीकडचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक खास सोय मागते. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज केला होता, की या एका निर्णयामुळे जगातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात. त्यातल्या बहुतेकांचा पंखा फिरतो आहे, पडदा उजळतो आहे, कळफलकावर बोटे चालताहेत. तरी ते मेले. कारण तसे पत्रक निघाले.

हे २४ कोटी आपल्याला फार लांबचे वाटतील. ते तसे नाहीत. धाराशिव जिल्हा, म्हणजे २०२३ पर्यंत सरकारी कागदावर उस्मानाबाद, नीती आयोगाच्या २०१८ च्या 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या यादीत आहे. महाराष्ट्रातले असे चार जिल्हे, त्यातला हा एक. (आकांक्षित हा शब्द मोठा गोड आहे. पूर्वी सरळ मागासलेला म्हणत.) अशा जिल्ह्यात कोऱ्या संगणकाचा पहिला मालक क्वचितच राहतो. पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांनी चार-पाच वर्षे वापरून काढून टाकलेली यंत्रे सोलापूर-लातूरच्या दुकानांतून आमच्याकडे येतात. मग ती झेरॉक्सच्या दुकानात, पतसंस्थेत, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे किंवा बारावीतल्या पोराच्या टेबलावर आणखी सात-आठ वर्षे काढतात. पुण्यात ज्याला जुने म्हणतात ते परंड्यात नवे असते. त्यामुळे 'दहा वर्षांपूर्वीच्या यंत्राला आता आधार नाही' हे वाक्य पुण्यातल्या माणसाला एक किरकोळ बातमी वाटते. आमच्याकडे ते अर्ध्या बाजारपेठेला लागू होते.

जिवंत नाही आणि मेल्याचा दाखलाही नाही

मी कळंब तालुक्यात बरीच वर्षे विज्ञान शिकवले. शाळांत संगणक कसे आले ते मी जवळून पाहिले आहे. केंद्र सरकारची 'आयसीटी ॲट स्कूल्स' ही योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कधी अशा योजनेतून, कधी आमदार निधीतून, तर कधी गावातल्या पुण्याला नोकरीला गेलेल्या पोरांच्या वर्गणीतून शाळाशाळांत यंत्रे आली. आली तेव्हा हार-नारळ झाले. खोलीबाहेर 'संगणक कक्ष, पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी लागली. देवघरालाही आमच्याकडे एवढा मान नसतो.

मग व्हायचे ते झाले. एक यंत्र व्हायरसने गेले, दुसऱ्याचा पासवर्ड बदली झालेल्या शिक्षकांबरोबर गेला, तिसऱ्यावरची प्रणाली 'तुमची आवृत्ती आता चालत नाही' असे रोज सांगू लागली. पाच-सात वर्षांत कक्षाला कुलूप. यंत्रे मात्र फेकता येत नाहीत, कारण ती जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे आपल्या बोलीत डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, चढलेली असतात. निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, तो वर जायचा, त्यावर शेरा यायचा. तोवर यंत्र जिवंत नाही आणि त्याच्या मेल्याचा दाखलाही नाही.

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत अशाच एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावले. कक्षात अकरा यंत्रे होती. सोबत माझा एक जुना विद्यार्थी घेतला होता. एसटी स्टँडसमोर त्याचे मोबाइल आणि संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. त्याने एकेक डबा उघडून आतली धूळ ब्रशने झटकली, पायरीवर बसून रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या (हा इलाज कुठल्याही पुस्तकात नसेल, पण गुण येतो) आणि म्हणाला, "सर, ह्यातली निम्मी तर मेलेलीच न्हाईत. निस्ती उपाशी हायेत."

उपाशी म्हणजे रॅम कमी. आम्ही दोन यंत्रांच्या पट्ट्या एका यंत्रात घालत गेलो. अकरापैकी आठ यंत्रे साधारण २००८ नंतरची, ६४-बिटी निघाली. त्यातल्या दोघांच्या मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगले होते, ती सुट्या भागांसाठी बाजूला ठेवली. उरलेली तीन त्याहून जुनी, ३२-बिटी. या सगळ्यांवर आम्ही डेबियन ही मुक्त प्रणाली बसवली. मुक्त म्हणजे जिचा मूळ आराखडा कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि दुसऱ्याला देता येतो. फुकट मिळते हा त्याचा केवळ एक परिणाम. संध्याकाळपर्यंत नऊ पडदे उजळले. त्यांवर मराठी दिसायला वेगळा टंक विकत घ्यावा लागला नाही, इनस्क्रिप्ट कळफलक प्रणालीतच होता. लिब्रेऑफिसमध्ये मुख्याध्यापकांनी पहिले काम केले ते निर्लेखनाचा प्रस्ताव मागे घेत असल्याचे पत्र टंकायचे. शाळेतला छोटा लेझर प्रिंटर, लेझरजेट १०२०, महाराष्ट्रातल्या निम्म्या कार्यालयांत आढळणारा, जोडल्यावर थोडा वेळ गप्प राहिला आणि मग चालला. त्या गप्प राहण्यामागे एक गोष्ट आहे, ती पुढे सांगतो.

चुलीची जागा आणि आजीचा पाट

जुनी यंत्रे इथे चालतात आणि तिथे चालत नाहीत, असे का? उत्तर ड्रायव्हर नावाच्या चीजेत आहे. इथे ड्रायव्हर म्हणजे एसटीचा नव्हे. संगणकाला जोडलेल्या प्रत्येक वस्तूशी, प्रिंटर असो, आवाजाची चिप असो की कॅमेरा, तिच्याच भाषेत बोलणारा एक लहानसा दुभाषी प्रोग्राम लागतो. तो नसेल तर वस्तू ठणठणीत असूनही मुकी.

बंद प्रणालीत हा दुभाषी बहुधा त्या वस्तूचा उत्पादक लिहितो आणि स्वतःच्या कुलपात ठेवतो. नवी प्रणाली आली की तिच्यासाठी नवा दुभाषी द्यायचा की नाही हे तो ठरवतो. दहा वर्षांपूर्वी विकलेल्या स्कॅनरसाठी त्याने तो का द्यावा? त्याला नवा स्कॅनर विकायचा आहे. यात दुष्टपणा नाही, साधा व्यापार आहे.

लिनक्सची रीत निराळी. तिथे बहुतेक ड्रायव्हर गाभ्याच्याच वाड्यात राहतात. या वाड्याचा दंडक असा, की आतली एखादी रचना ज्याने बदलली, त्यानेच त्या बदलामुळे अडणारा प्रत्येक ड्रायव्हर दुरुस्त करून द्यायचा. एकत्र कुटुंबात ज्या सुनेने चुलीची जागा हलवली, तिनेच आजीचा पाटही हलवून ठेवायचा, तसे. आजी कमावत नाही म्हणून तिला वगळून चालत नाही. त्यामुळे २००५ साली बाजारात आलेल्या आणि २०१० साली उत्पादकाने विसरून गेलेल्या चिपचा ड्रायव्हर आजच्या गाभ्यातही चालत राहतो. त्या चिपकडे कुणी खास लक्ष दिले म्हणून नव्हे. घर बदलताना तिचे सामान मागे राहिले नाही, म्हणून.

या साऱ्या चळवळीचे मूळही एका प्रिंटरात आहे, हे फार जणांना ठाऊक नसते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडके. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये तिथल्या मंडळींनी स्वतःच अशी सोय केली होती, की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जाई. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्राम मात्र मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्याने 'न देण्याचा करार झाला आहे' असे सांगितले. चिडलेल्या प्रोग्रामरचे नाव रिचर्ड स्टॉलमन. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी मुक्त प्रणालीचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने गाभा लिहिला आणि पुढे दोन्हींचे जुळले.

आता तो १०२०. हा प्रिंटर दर वेळी चालू केला की सगळे विसरलेला असतो. त्याच्या पोटात काय करायचे याच्या सूचना संगणकाने दर वेळी नव्याने भरायच्या, मग तो छापणार. म्हणून ते थोडा वेळ गप्प राहणे. या प्रिंटराला लिनक्सवर चालवणारा फू-टू-झेडजेएस हा ड्रायव्हर रिक रिचर्डसन यांनी लिहिला. केबलमधून काय वाहते ते पाहून पाहून अशा यंत्रांची भाषा उलगडावी लागते. आमच्या शाळेत १०२० चालला तो अशा उद्योगी माणसामुळे. त्याने आमच्या शाळेचे नाव ऐकलेले असण्याचा प्रश्नच नाही.

आणि उद्योगी माणूस मिळाला नाही तर? त्याचाही नमुना त्याच खोलीत होता. तीन जुन्या यंत्रांपैकी एकातली चित्र उमटवणारी चिप अशी, की तिच्या उत्पादकाने तिची माहिती कधी नीट उघड केली नाही. त्यावर आजही चित्र येते ते ढोबळ, अक्षरे ताणलेली. त्यावर टंकलेखनाचा सराव होतो, चित्रे काढता येत नाहीत. म्हणजे मुक्त प्रणाली ही काही जादू नाही. आतली माहिती मिळाली, निदान उलगडता आली, तर ती यंत्राला जगवते. मोटार भरणाऱ्याचे आणि तिचे इथे एकच दुखणे आहे.

वाड्यातले अनाथ

वाड्याची उपमा दिली खरी, पण वाड्यातूनही माणसे बाहेर काढली जातात, हे सांगितले पाहिजे. टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहिली ती ३८६ या प्रोसेसरच्या यंत्रावर. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच ३८६ चा आधार गाभ्यातून काढून टाकण्यात आला. जिच्या पोटी जन्म झाला त्या यंत्रावर लिनक्सची नवी आवृत्ती चालत नाही. कारण व्यवहाराचे होते: त्या एका जुन्या प्रोसेसरच्या खोडी सांभाळण्यासाठी बाकी सगळ्यांच्या कामात अडथळे येत होते. मला ते पटते. ३८६ तोवर २७ वर्षांचा झाला होता आणि धाराशिवातही तो कुणी वापरत नव्हता.

फ्लॉपीची गोष्ट अधिक बोलकी आहे. गाभ्यात कोणत्या भागाचा सांभाळ कोण करतो याची एक वही असते. २०१९ मध्ये फ्लॉपीच्या ड्रायव्हरपुढे त्या वहीत 'अनाथ' असा शेरा पडला. कारण प्रोग्राम बिघडला हे नव्हते. तो सांभाळणाऱ्याकडे चालू फ्लॉपीचे यंत्रच उरले नव्हते. बदल केला तर तपासायचा कशावर? पुढे दुसऱ्या एका प्रोग्रामरने तो दत्तक घेतला आणि अनाथ हा शिक्का पुसला गेला.

माझ्या मते सगळ्या विषयाची कळ इथे आहे. जुन्या यंत्राला आधार मिळतो तो दयेने नाही. ज्याच्याकडे ते यंत्र आहे आणि जो 'अमुक आवृत्तीत हे बिघडले' असे कळवतो, त्याच्यामुळे मिळतो. जर्मनीतला किंवा अमेरिकेतला प्रोग्रामर आजूबाजूला पाहतो, त्याला कुणाकडेच ३२-बिटी संगणक दिसत नाही आणि तो प्रामाणिकपणे समजतो की आता हे कुणी वापरत नाही. ज्यांच्याकडे ती यंत्रे आहेत ते परंड्यात, भूममध्ये, नंदुरबारला आहेत आणि ते कुणाला काही कळवत नाहीत. ही गैरहजेरी महागात पडते. क्रोम हा ब्राउझर ३२-बिटी लिनक्सवर २०१६ मध्येच बंद झाला. फायरफॉक्सने २०२५ च्या अखेरीस नव्या आवृत्त्या थांबवल्या. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियनची तेरावी आवृत्ती आली, तीत ३२-बिटी पीसीवर प्रणाली बसवण्याची सोय नाही. म्हणून आमच्या शाळेतल्या तीन यंत्रांवर बारावी आवृत्ती आहे.

याच वाटेवर महाराष्ट्रातली एक आठवण लागते. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात या लहानशा गावच्या एकशिक्षकी शाळेत 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. कल्पना एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटे यांची. आदल्याच वर्षी दिल्लीच्या शिक्षण खात्याने ती नाकारली होती. हिरवा-पांढरा, दप्तरात मावणारा तो एक्सओ लॅपटॉप उन्हातही वाचता येई. त्याच्यावर लिनक्स होती. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ एमबी, साठवण एक जीबी. आजच्या हातातल्या साध्या फोनपुढेही हे काहीच नव्हे. पण घडण अशी, की तो साध्या स्क्रू-ड्रायव्हरने खोलता यावा आणि जास्तीचे स्क्रू त्याच्याच मुठीत ठेवलेले असावेत. पेरू आणि उरुग्वेत हे लॅपटॉप लाखांनी गेले.

त्यातला प्रोसेसर एएमडीचा जिओड. जून २०२३ मध्ये डेबियनच्या बाराव्या आवृत्तीने या जातीचा आधार सोडला. का सोडला हे वाचून मी मोठ्याने हसलो. प्रोसेसरला दिल्या जाणाऱ्या हुकुमांत एक हुकूम 'काहीही करू नको' असा असतो. त्याचाच एक लांबट प्रकार नव्या प्रोग्राममध्ये ठिकठिकाणी पेरलेला असतो, सुरक्षेच्या एका सोयीसाठी. ज्याला ती सोय कळत नाही त्याने 'काहीही करू नको' समजून पुढे जावे, असा हिशेब. जिओडला हा लांबट प्रकार ओळखूच येत नाही, तो तिथेच अडून बसतो. काहीही न करण्याचा हुकूम न कळल्यामुळे बाद झालेला हा बहुधा एकमेव कामगार. आपल्या कार्यालयांत हा हुकूम समजायला कुणाला प्रशिक्षण लागत नाही!

हसू ओसरल्यावर मात्र वाटले, की लहान मुलांच्या हातात टिकावा म्हणून बनवलेल्या, स्क्रूसुद्धा सोबत बाळगणाऱ्या यंत्राचा शेवट मोडतोडीने झाला नाही. तो एका यादीतून नाव कमी झाल्याने झाला. अर्थात मुक्त प्रणालीत जुनी आवृत्ती आणि तिचा आराखडा कुणी काढून घेत नाही. ज्याला जमेल त्याने तो पुढे चालवावा. हा फरक लहान नाही. पण जमेल असा माणूस हवा.

आक्षेप आणि वीजबिल

आता दुसरी बाजू. 'कशाला ही जुनी धुडे कवटाळून बसता?' असे मला माझा पुण्यातला भाचा विचारतो. तो याच क्षेत्रात आहे, तेव्हा त्याचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही.

पहिला मुद्दा विजेचा. पेंटियम-४ चा डबा आणि जुना काचेचा पडदा मिळून दीडशे वॉटच्या घरात जातात. आजचा लहान लॅपटॉप त्याच्या अंशावर भागतो. भारनियमनाच्या गावात याचा अर्थ असा, की एका इन्व्हर्टरवर असे एक यंत्र चालवायचे की चार लॅपटॉप, असा निवाडा करावा लागतो. म्हणून आम्ही शाळेतले काचेचे पडदे ठेवले नाहीत आणि ती तीन यंत्रे गरजेपुरतीच लावतो. सगळेच जुने जगवावे असे माझे म्हणणे नाही. फुगलेल्या कॅपॅसिटरच्या यंत्रांचे निर्लेखन व्हावे, लवकर व्हावे आणि ती नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जावीत, विहिरीकाठच्या उकिरड्यात नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. बाकीच्यातला शिसे-पारा कुठल्या तरी गावाच्या पाण्यातच उतरणार. शिवाय संगणक आयुष्यभर जेवढे प्रदूषण करतो त्यातला मोठा वाटा तो तयार होतानाच होऊन गेलेला असतो, विशेषतः लॅपटॉपचा. बनलेले यंत्र चार वर्षे जास्त वापरणे हा त्यामुळे निव्वळ कंजूषपणा ठरत नाही.

दुसरा मुद्दा अधिक खरा. जुने सांभाळणाऱ्यांचे कष्ट. हे लोक बहुतांशी आपल्या फावल्या वेळात, बिनपगारी काम करतात. त्यांनी धाराशिवच्या शाळेसाठी रात्री का जागाव्यात? भाच्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे: जागू नयेत, पण आपण त्यांना निदान काय चालते आणि काय नाही हे तरी कळवावे. तपासणी हे अर्धे काम असते. त्याला पदवी लागत नाही, चिकाटी लागते. आणि जुन्या यंत्रांची चिकाटी आमच्या जिल्ह्याइतकी कुणाकडे असेल?

तिसरा मुद्दा भाच्याने काढला नाही, मीच काढतो. संगणक शिकणे म्हणजे एका कंपनीची उत्पादने शिकणे, असा आपल्याकडे समज झाला आहे. २००१ पासूनच्या एमएस-सीआयटी परीक्षेतले 'एमएस' हे त्या कंपनीचे नाव आहे असे समजणारे पदवीधर मला भेटले आहेत. ते महाराष्ट्र स्टेट आहे हो! केरळने मात्र सरकारी शाळांत मुक्त प्रणालीच नेमली आणि तिथली काईट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती काढते. तिथल्या मुलांना त्यामुळे पुढे नोकरी मिळाली नाही, अशी तक्रार ऐकिवात नाही.

मराठीला या प्रश्नाची एक स्वतंत्र धारही आहे. धाराशिव शहरातल्या एका छापखान्यात कोपऱ्यात एक जुनाट पेंटियम झाकून ठेवलेला आहे. त्याच्या मागच्या पॅरलल पोर्टला एक लहानसे कुलूप, म्हणजे हार्डवेअर लॉक, जोडलेले आहे. ते असले तरच त्यातले मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर उघडते. त्यात वीस वर्षांच्या दिवाळी अंकांचा, स्मरणिकांचा, गावच्या इतिहासांचा मजकूर आहे. नव्या संगणकाला तसला पोर्ट नसतो आणि तो मजकूर त्या कंपनीच्या खासगी सांकेतिक क्रमात असल्याने दुसरीकडे उघडला तर गिचमिड दिसते. मालक म्हणाले, "हे मशीन गेलं की आमची वीस वर्षं गेली."

याच्या उलट, पुण्याच्या सी-डॅकने लोकप्रिय केलेले जिस्ट कार्ड आठवा. ते कार्ड ज्या खाचेत बसे ती खाचच संगणकातून नाहीशी झाली. पण त्यामागचा इस्की हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून उघड छापलेला होता. त्यामुळे त्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे आजही सरळ काम आहे. कार्ड गेले, अक्षरे राहिली. छापखान्यात आता जुन्या डिस्कची नक्कल करून ठेवली आहे, आणि माझा तोच विद्यार्थी रविवारी बसून खासगी संकेताची कोष्टके जुळवतो आहे. 'क्ष' आणि 'ज्ञ' जमले, रफार अजून चकवतो.

शाळेतली नऊ यंत्रे नाताळानंतर नियमित सुरू झाली. डेबियन बसवताना शेवटी एक प्रश्न येतो: कोणते प्रोग्राम वापरता याची नाव न सांगता दर आठवड्याला हजेरी द्याल का? आधीच 'नाही'वर खूण असते आणि बहुतेक जण तशीच पुढची कळ दाबतात. आम्ही नऊही यंत्रांवर 'होय' केले. सोमवारी प्रार्थनेनंतर सातवीची मुले यंत्रे लावतात, जोडणी नीट असेल तर हजेरी आपोआप जाते. तीन ३२-बिटी यंत्रांच्या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळायच्या आहेत. तोवरची त्यांची सोय झाली. ६४-बिटी यंत्रांपैकी एक अजून उपाशी आहे. त्याला डीडीआर-२ जातीच्या, एकेक जीबीच्या दोन पट्ट्या हव्या आहेत. कुणाच्या माळ्यावर जुना डबा पडला असेल, तर झाकण उघडून पाहावे.